क्यूबिट पटकन शून्यावर आणायचा, तर त्यातली ऊर्जा जाते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: सुपरकंडक्टिंग क्यूबिटचं, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या अतिथंड चिपवरच्या बिटचं, आयुष्य वाढावं म्हणून जगभर धडपड चालू आहे, मग त्याच क्यूबिटला प्रत्येक गणिताआधी शून्य अवस्थेत आणायला वेगळी यंत्रणा कशाला? चिपचा फ्रिज १०-२० मिलीकेल्विनवर, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, चालतो, जरा थांबलं तर क्यूबिट आपला आपण शून्यावर येईलच. आणि साध्या कॉम्प्युटरमध्ये बिटवर शून्य लिहून टाकतो, तसं इथे का करता येत नाही?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. क्वांटम गेट उलटा चालवता येतो. गेटनंतरची अवस्था दिली, की आधीची अवस्था कोणती होती ते नेमकं सांगता आलं पाहिजे. आता रिसेटकडून आपली अपेक्षा काय? क्यूबिट ० वर असेल तर ० वरच राहावा आणि १ वर असेल तर तोही ० वर यावा. दोन वेगळ्या सुरुवाती आणि शेवट एकच. मागे जायची वाटच उरत नाही, म्हणून असा गेट असू शकत नाही. पाय-पल्स, म्हणजे क्यूबिट उलटवणारा मायक्रोवेव्हचा ठोका, दिला तर १ चा ० होतो हे खरं, पण ० चा १ सुद्धा होतो. क्यूबिट आधी कुठे होता ही माहिती पुसायची असेल, तर ती क्यूबिटच्या बाहेर कुठेतरी जावीच लागते. ट्रान्समॉनमध्ये, म्हणजे सुपरकंडक्टिंग क्यूबिटच्या सगळ्यात प्रचलित प्रकारात, ती बहुतेक वेळा एका मायक्रोवेव्ह फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते आणि फ्रिजच्या तळाशी बसवलेल्या एखाद्या ५० ओहमच्या रोधात जिरते. साध्या कॉम्प्युटरमध्येही बिट पुसताना उष्णता बाहेर पडतेच. तिथे ट्रान्झिस्टर कायम वीजपुरवठ्याला आणि जमिनीला जोडलेला असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. क्यूबिटला मात्र आपण मुद्दाम सगळ्यांपासून तोडून ठेवलेलं असतं.

खरी अडचण इथेच आहे. चांगला क्यूबिट म्हणजे ज्याची ऊर्जा सहजासहजी बाहेर जात नाही असा क्यूबिट, आणि रिसेट म्हणजे ती ऊर्जा ताबडतोब बाहेर काढणं. थर्मास जितका चांगला तितका चहा जास्त वेळ गरम राहतो. तो लवकर निववायचा असेल तर झाकण उघडण्याला पर्याय नाही. वेगवान रिसेटच्या सगळ्या पद्धती म्हणजे हे झाकण हुकमावर उघडायच्या आणि तितक्याच घट्टपणे बंद करायच्या युक्त्या आहेत. डेव्हिड डिव्हिन्सेंझो यांनी २००० साली क्वांटम कॉम्प्युटरसाठी ज्या पाच अटी मांडल्या, त्यात क्यूबिट एका ठरलेल्या अवस्थेत आणता येणं ही दुसरी अट आहे. बरीच वर्षं ती सगळ्यात सोपी मानली गेली. जसजसं क्यूबिटचं आयुष्य वाढत गेलं, तसतशी ती अवघड होत गेली.

आता नुसतं थांबण्याचा हिशेब करू. क्यूबिट १ वरून ० वर घसरायला सरासरी जो वेळ लागतो त्याला आम्ही टी-वन म्हणतो. पाच टी-वन थांबलं तर शेकडा ०.७ इतकी शक्यता १ वर शिल्लक राहते, सात टी-वन थांबलं तर शेकडा ०.१ च्या आसपास. २००७ साली येल विद्यापीठातून ट्रान्समॉन पुढे आला, तेव्हा टी-वन मायक्रोसेकंदांत मोजायचा. १० मायक्रोसेकंद थांबलं की काम व्हायचं. २०२१ साली प्रिन्स्टनच्या गटाने टँटलम वापरून तो ०.३ मिलीसेकंदापर्यंत नेला आणि २०२५ मध्ये १ मिलीसेकंदाच्याही पुढे. म्हणजे पाच टी-वनची वाट बघणं हे आता ५ मिलीसेकंदांचं प्रकरण झालं, आणि प्रत्यक्ष सर्किट मात्र फार तर काही मायक्रोसेकंदांचं असतं.

टी-वन ३०० मायक्रोसेकंद धरला, तर प्रत्येक फेरीआधी दीड मिलीसेकंद थांबावं लागेल. एका सर्किटच्या १०,००० फेऱ्या घ्यायच्या तर १५ सेकंद, आणि अशी हजार सर्किटं चालवायची तर चार तासांहून जास्त. रिसेट धरून एक फेरी १० मायक्रोसेकंदांत आटोपली, तर तेच काम शंभर सेकंदांत होतं. चार तास हे फक्त गैरसोयीचे असतात असंही नाही. तेवढ्या वेळात क्यूबिटची फ्रिक्वेन्सी हलते, टी-वन स्वतः वरखाली होतो आणि पहिल्या सर्किटची शेवटच्या सर्किटशी तुलना करणं अवघड होऊन बसतं. क्यूबिट रोज जुळवून घेण्याचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं, काम ज्याने केलंय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्यात, थांबूनही क्यूबिट पूर्ण शून्यावर येतच नाही. ५ गिगाहर्ट्झच्या क्यूबिटची ऊर्जा तापमानात मांडली तर साधारण २४० मिलीकेल्विन भरते. क्यूबिट खरोखर १५ मिलीकेल्विनवर असता, तर तो १ वर सापडण्याची शक्यता कोटीत एक-दोन इतकीच असती. प्रत्यक्षात मोजलं तर पुष्कळदा टक्का-दीड टक्का निघते. म्हणजे फ्रिजचा आकडा काही दाखवो, क्यूबिट ५०-६० मिलीकेल्विनवर असल्यासारखा वागत असतो. वरच्या गरम थरांमधून तारांवाटे येणारा गोंगाट, नीट न अडवलेलं इन्फ्रारेड, चिपमधले तुटलेल्या कूपर जोड्यांचे (सुपरकंडक्टरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचे) कण अशी त्याची बरीच कारणं आहेत. तारा, गाळण्या आणि आवरणं सुधारून हे खाली आणता येतं. एमआयटीच्या गटाने २०१५ मध्ये एका त्रिमितीय (धातूच्या पोकळीत बसवलेल्या) ट्रान्समॉनमध्ये १ ची शिल्लक शेकडा ०.१ पर्यंत उतरलेली दाखवली. तरी रोजच्या चिपवर नुसतं थांबून इतकं स्वच्छ शून्य मिळेल यावर विसंबू नये.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: क्यूबिट मोजा, १ निघाला तर पाय-पल्स द्या, ० निघाला तर हात लावू नका. माहिती बाहेर काढायचं काम इथे मापनच करतं. २०१२ मध्ये डेल्फ्टच्या गटाने हे ट्रान्समॉनवर करून दाखवलं. त्याच वर्षी बर्कलीत, मोजून फक्त ० निघालेल्या फेऱ्याच ठेवायच्या, ही याची साधी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांत राजमणी विजयराघवन होते, जे पुढे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि जॉन क्लार्कही होते, ज्यांना २०२५ चं नोबेल मिळालं. दोन्हीकडे हे जमलं ते क्षीण सिग्नल फारसा गोंगाट न मिसळता वाढवणाऱ्या पॅरामेट्रिक ॲम्प्लिफायरमुळे. त्याआधी एका मापनातून क्यूबिट ० वर आहे की १ वर, हे खात्रीने सांगता येईल इतका सिग्नल सहसा मिळत नव्हता.

ही पद्धत कागदावर दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात बरीच लांबते. रीडआउट पल्स, म्हणजे मापनासाठीचा मायक्रोवेव्ह, ३०० ते ५०० नॅनोसेकंदांचा. तो क्यूबिटला जोडलेल्या रेझोनेटरमधून (मायक्रोवेव्ह फोटॉन धरून ठेवणाऱ्या छोट्या सर्किटमधून) बाहेर पडून फ्रिजमधले ॲम्प्लिफायर ओलांडत खोलीतल्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत येणार, एफपीजीए (हवी तशी प्रोग्रॅम करता येणारी वेगवान चिप) त्याची बेरीज करून निकाल लावणार, मग पाय-पल्स परत फ्रिजमध्ये खाली जाणार. निर्णयाचा भाग चांगल्या एफपीजीएवर काहीशे नॅनोसेकंदांत बसतो. साध्या उपकरणात निकाल आधी कॉम्प्युटरकडे जाऊन परत येत असेल, तर ही पद्धत विसरा. एकूण १ मायक्रोसेकंद लागला आणि टी-वन ५० मायक्रोसेकंद असला, तर १ म्हणून मोजलेल्या क्यूबिटांपैकी शेकडा २ तोपर्यंत स्वतःहूनच ० वर आलेले असतात. त्यांना पाय-पल्स मिळाला की ते पुन्हा १ वर चढतात. सुरुवातीला निम्मे १ वर असतील, तर एवढ्यानेच शेकडा १ चूक होते. म्हणून ही फेरी दोनदा चालवतात. दुसऱ्या वेळी १ वर असलेले थोडेच असतात, त्यामुळे चूकही त्या मानाने कमी होते.

रीडआउटनंतर रेझोनेटरमध्ये उरणाऱ्या फोटॉनांकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. पल्स थांबला म्हणजे रेझोनेटर रिकामा झाला, असं नाही. रेझोनेटरची रुंदी २ मेगाहर्ट्झ असेल, तर त्यातले फोटॉन साधारण ८० नॅनोसेकंदांच्या कालमानाने कमी होतात. दहा फोटॉन होते आणि ते शतांश फोटॉनवर आणायचे असतील, तर साडेपाचशे नॅनोसेकंद नुसते गळतीला द्यावे लागतात. तेवढे न थांबता पाय-पल्स दिला, तर उरलेल्या फोटॉनांमुळे क्यूबिटची फ्रिक्वेन्सी सरकलेली असते आणि पल्स नेमका लागत नाही. फोटॉन सक्तीने बाहेर काढणारे, घडवलेले रीडआउट पल्स असतात, त्यांनी हा वेळ कमी होतो. पण त्यासाठी रेझोनेटर आधी फार बारकाईने ओळखून घ्यावा लागतो.

या पद्धतीची सगळ्यात मोठी मर्यादा मात्र वेगाची नाही, ती तिसऱ्या पातळीची आहे. ट्रान्समॉन हा खरं तर दोन पातळ्यांचा नसतोच. त्याला २, ३ अशा वरच्या पातळ्या आहेत, आणि १ ते २ ची फ्रिक्वेन्सी ० ते १ पेक्षा जेमतेम २०० ते ३०० मेगाहर्ट्झने कमी. दोन क्यूबिटांच्या गेटमध्ये किंवा जोरदार रीडआउटमध्ये क्यूबिट कधीतरी २ वर निसटतो. याला लीकेज म्हणतात. रीडआउट फक्त ०-१ साठी जुळवलेला असेल, तर २ वरचा क्यूबिट बहुधा १ म्हणूनच वाचला जातो. मग पाय-पल्स दिला जातो, त्याचा २ वर काही परिणाम होत नाही, आणि क्यूबिट तिथेच बसून राहतो. लॉगमध्ये मात्र रिसेट झाल्याची नोंद असते.

दुसरा मार्ग मोजण्याच्या भानगडीत पडत नाही. क्यूबिट कुठेही असो, त्याला थोडा वेळ अशा ठिकाणी जोडायचं जिथून ऊर्जा झपाट्याने निसटते. ती जागा चिपवर आधीच असते: रीडआउट रेझोनेटर. त्याला मुद्दाम गळका ठेवलेलं असतं, नाहीतर सिग्नल बाहेर आलाच नसता. एरवी क्यूबिट आणि रेझोनेटर यांच्या फ्रिक्वेन्सीत एक-दोन गिगाहर्ट्झचं अंतर असतं, म्हणून क्यूबिटची ऊर्जा त्यातून फारशी जात नाही, आणि जी जाते तिला पर्सेल फिल्टर लावून अडवतात. येलच्या गटाने २०१० मध्ये असा फिल्टर बसवला आणि वर फ्लक्स पल्सने (चुंबकीय क्षेत्राच्या छोट्या झटक्याने) क्यूबिटची फ्रिक्वेन्सी नॅनोसेकंदांत हलवून त्याचं आयुष्य ५० पटींनी कमीजास्त करून दाखवलं. रिसेट १२० नॅनोसेकंदांत, शेकडा ९९.९ यशासह. पंधरा वर्षांपूर्वीचा हा आकडा आजही आदराने घ्यावा असा आहे.

गुगलच्या गटाने २०२१ मध्ये याच कल्पनेचं जे रूप प्रसिद्ध केलं, ते मला आजवरच्या रिसेटमधलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम वाटतं. त्यांच्या चिपवर फ्रिक्वेन्सीच्या मापाने क्यूबिट वर आणि रेझोनेटर खाली असतो. क्यूबिट सावकाश, म्हणजे या जगात वीस-तीस नॅनोसेकंद घेऊन, खाली उतरवत रेझोनेटर ओलांडून पलीकडे नेतात. वेग असा धरतात, की ओलांडताना क्यूबिटमधली सगळी उत्तेजना रेझोनेटरमध्ये जावी: १ वर असेल तर एक फोटॉन, २ वर असेल तर दोन, ३ वर असेल तर तीन. मग क्यूबिट तिथेच, रेझोनेटरच्या खाली, थांबवून ठेवतात आणि फोटॉन गळून जाऊ देतात. शेवटी क्यूबिट एका झटक्यात वर आणतात. परत येताना वेग इतका, की रेझोनेटरमध्ये एखादा फोटॉन उरला असलाच, तर तो क्यूबिटमध्ये परत चढू नये. जाताना सावकाश आणि येताना झटकन, एवढ्या एका फरकावर सगळं उभं आहे. एकूण वेळ सुमारे २५० नॅनोसेकंद, आणि वरच्या पातळ्याही साफ. सावकाश जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे वेळेत थोडी चूक झाली तरी चालते. नेमक्या क्षणी थांबवलेल्या अदलाबदलीत तसं चालत नाही.

अर्थात क्यूबिटची फ्रिक्वेन्सी गिगाहर्ट्झभर हलवायची, तर वाटेत काय काय लागतं ते पाहावं लागतं. चिपच्या ऑक्साइड थरांत आणि पृष्ठभागांवर सूक्ष्म दोष असतात आणि ते स्वतःच छोट्या क्यूबिटांसारखे वागतात. क्यूबिट त्यांच्या फ्रिक्वेन्सीवरून गेला, की ऊर्जा तिकडे अडकू शकते आणि नंतर परत येते. शेजारचे क्यूबिटही त्याच वाटेवर असू शकतात, म्हणून क्यूबिटांना जोडणारे मधले कपलर बंद ठेवावे लागतात. हे दोष फ्रिज गरम करून पुन्हा थंड केला की जागा बदलतात, म्हणजे मागच्या महिन्यात निर्धोक असलेली वाट या महिन्यातही निर्धोक असेलच असं नाही.

ज्यांच्या क्यूबिटची फ्रिक्वेन्सी हलतच नाही, त्यांच्यासाठी झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात २०१८ साली सगळं काम मायक्रोवेव्हवर करणारी पद्धत पक्की झाली. क्यूबिट २ वर आणि रेझोनेटर रिकामा, या अवस्थेतून क्यूबिट ० वर आणि रेझोनेटरमध्ये एक फोटॉन, या अवस्थेत जाण्याचा रस्ता एका ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या जोरदार ड्राइव्हने, म्हणजे बाहेरून दिलेल्या मायक्रोवेव्हने, उघडतो. क्यूबिट ५ गिगाहर्ट्झ, १-२ ची फ्रिक्वेन्सी ०.३ ने खाली आणि रेझोनेटर ७ वर असेल, तर ही फ्रिक्वेन्सी पाचाची दुप्पट, वजा ०.३, वजा ७, म्हणजे २.७ गिगाहर्ट्झ येते. त्याच वेळी १ ला २ वर उचलणारा दुसरा ड्राइव्ह चालू ठेवायचा. मग १ असो वा २, सगळे त्या रस्त्याने खाली येतात आणि फोटॉन बाहेर गळतो. त्यांनी ५०० नॅनोसेकंदांच्या आत शिल्लक शेकडा ०.२ वर आणली. जुळवताना लक्षात ठेवायचं ते हे: ड्राइव्ह जोरदार असल्यामुळे क्यूबिटच्या पातळ्या सरकतात, म्हणून फ्रिक्वेन्सी आणि ताकद एकत्रच शोधावी लागते, आणि २.७ गिगाहर्ट्झ हे ४ ते ८ साठी जुळवलेल्या इलेक्ट्रॉनिक्समधून नीट जातं का, ते चिप फ्रिजमध्ये टाकण्याआधी बघून घ्यावं. नंतर कळलं तर पुन्हा गरम-थंड करण्यात आठवडा जातो.

गळक्या रेझोनेटरने केलेल्या रिसेटचा एक गुण फारसा सांगितला जात नाही. त्यातून निघालेला क्यूबिट, नुसतं थांबून शांत झालेल्या क्यूबिटपेक्षा जास्त थंड असू शकतो. दोघंही ६० मिलीकेल्विनच्या गोंगाटात बसलेले आहेत असं धरा. ५ गिगाहर्ट्झच्या क्यूबिटमध्ये १ ची शिल्लक शेकडा १.८ येते. त्याच तापमानाला ७ गिगाहर्ट्झच्या रेझोनेटरमध्ये फोटॉन असण्याची शक्यता शेकडा ०.४ च्याही खाली असते. अदलाबदल केली, की क्यूबिटला रेझोनेटरची ही स्वच्छता मिळते. मात्र ती टिकत नाही. क्यूबिट टी-वनच्या गतीने पुन्हा आपल्या मूळ तापमानाकडे जाऊ लागतो. म्हणून रिसेट आणि सर्किटचा पहिला गेट यांत मोकळा वेळ सोडू नये. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये सगळे क्यूबिट एकदम रिसेट करतात आणि त्यातले काही खूप उशिरा वापरतात. त्यांचा रिसेट वापरण्याच्या लगेच आधी लावला, तर फुकटात फायदा मिळतो.

स्वतंत्र शीतक बसवायचेही प्रयत्न चालू आहेत. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात २०१७ पासून साधा धातू आणि सुपरकंडक्टर यांच्या सांध्यातून ऊर्जा ओढून घेणारं, व्होल्टेजने चालू-बंद होणारं यंत्र विकसित होतंय. स्वीडनच्या चाल्मर्समध्ये २०२५ साली तर एक गरम आणि एक थंड वाहिनी यांतल्या फरकावरच चालणाऱ्या छोट्या शीतकाने क्यूबिट २२ मिलीकेल्विनच्या परिणामी तापमानाला आणला. दोन्ही कामं सुंदर आहेत. शेकडो क्यूबिटांच्या चिपवर ती जातील का, हे त्यांच्यामुळे क्यूबिटच्या आयुष्याला किती धक्का लागतो यावर ठरेल. सध्या तरी आधीच चिपवर असलेला रेझोनेटर वापरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

वेगाचा खरा आग्रह येतो तो त्रुटी-दुरुस्तीतून. सरफेस कोडमध्ये, म्हणजे क्यूबिटांच्या जाळ्यावर चालणाऱ्या त्रुटी-दुरुस्तीच्या पद्धतीत, निम्म्याच्या आसपास क्यूबिट मापनासाठी असतात. प्रत्येक चक्रात ते शेजारच्या, माहिती सांभाळणाऱ्या डेटा क्यूबिटांशी जोडले जातात, मोजले जातात आणि पुन्हा वापरले जातात. गुगलच्या २०२३ च्या प्रयोगात एक चक्र ९२१ नॅनोसेकंदांचं होतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मापन आणि रिसेट यांनीच घेतला. २०२४ च्या विलो चिपवर ते १.१ मायक्रोसेकंदांचं आहे. मापन आणि रिसेट चालू असताना डेटा क्यूबिट नुसते थांबलेले असतात आणि थांबता थांबता बिघडत असतात. रिसेटमध्ये वाचवलेला प्रत्येक नॅनोसेकंद त्यांच्या पदरात पडतो.

इथे कुणी म्हणेल, रिसेट करूच नका. मागचं उत्तर आपल्याकडे आहे, नव्या मापनाशी त्याची तुलना करा, फरक कळला की झालं. हे बरोबर आहे. ईटीएचच्या गटाने २०२२ मध्ये १७ क्यूबिटांचा सरफेस कोड रिसेटशिवायच चालवला. वेळ वाचतो, एफपीजीएवरचा ताण कमी होतो. पण लीकेज साफ व्हायची सोय त्यात राहत नाही. त्या प्रयोगात लीकेज झालेल्या फेऱ्या नंतर वगळाव्या लागल्या. मोठ्या, लांब चालणाऱ्या गणितात फेऱ्या वगळणं परवडत नाही. २ वर गेलेला क्यूबिट कितीतरी चक्रं तिथेच राहतो, दर चक्रात शेजाऱ्यांबरोबरचे गेट बिघडवतो, कधी लीकेज शेजाऱ्यालाच देऊन टाकतो. मापनांवरून चुका शोधणारा प्रोग्रॅम, म्हणजे डीकोडर, समजतो, की चुका सुट्या सुट्या घडतायत. या चुका मात्र जागेत आणि वेळेत एकमेकींना बांधलेल्या असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: त्रुटी-दुरुस्तीसाठी रिसेट निवडताना आधी तो वरच्या पातळ्या साफ करतो का ते विचारा, आणि किती नॅनोसेकंद ते नंतर. डेटा क्यूबिटांना तर रिसेटही करता येत नाही, त्यांच्यात माहिती असते. त्यांच्यातलं लीकेज मापनाच्या क्यूबिटात ढकलायचं आणि तिथून बाहेर काढायचं, ही युक्ती गुगलनेच २०२३ मध्ये दाखवली.

आता रिसेट चांगला झाला की नाही, ते मोजायचं कसं? रीडआउटचा आलेख काढून ठिपक्यांच्या दोन समूहांतले १ च्या बाजूचे मोजले, तर त्यात रीडआउटची चूकही मिसळलेली असते. रीडआउटच शेकडा १ चुकत असेल, तर शेकडा ०.२ ची शिल्लक त्यात दिसणारच नाही. येलच्या गटाने २०१३ मध्ये वापरलेली पद्धत मला अजूनही सगळ्यात भरवशाची वाटते. रिसेटनंतर १ आणि २ यांच्यामध्ये राबी दोलन (ड्राइव्ह दिल्यावर क्यूबिटचं दोन पातळ्यांत मागेपुढे होणं) काढायचं. एकदा सरळ, आणि एकदा त्याआधी ०-१ चा पाय-पल्स देऊन. सरळ दोलनाची उंची १ वर किती शिल्लक होती त्याच्या प्रमाणात असते, पाय-पल्स दिलेल्याची ० वर किती होती त्याच्या प्रमाणात. दोन उंचींच्या गुणोत्तरातून शिल्लक मिळते आणि रीडआउटची चूक बरीचशी छाटली जाते. सरळ दोलन फार बारीक असतं, त्यामुळे फेऱ्या भरपूर घ्याव्या लागतात. २ ची शिल्लक नगण्य आहे हे यात गृहीत आहे. ते तपासायला तिन्ही पातळ्या ओळखणारा रीडआउट हवा. आणि ही चाचणी क्यूबिट ० वर, १ वर आणि २ वर ठेवून, तिन्ही सुरुवातींपासून करायची. फक्त ० पासून केलेली रिसेटची चाचणी काहीच सांगत नाही.

पुण्या-मुंबईत हे काम करू इच्छिणाऱ्यांनी प्रश्नासोबत विचारलंय, की कुठून सुरुवात करावी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या ६ क्यूबिटांच्या प्रोसेसरची क्लाउडपासून चिपपर्यंतची पूर्ण चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्याची नियंत्रण-यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओच्या क्वांटम प्रयोगशाळेने बाजारातली उपकरणं आणि स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड मिळून उभी केली, क्लाउडचा भाग टीसीएसने केला. म्हणजे एफपीजीए हाताळणारी माणसं इथेच तयार होतायत, आणि रिसेटचं निम्मं काम त्याच कौशल्याचं आहे. अमेरिकेतल्या फर्मिलॅबची क्विक ही क्यूबिट-नियंत्रणाची मुक्त प्रणाली आरएफएसओसी बोर्डावर (एफपीजीए आणि मायक्रोवेव्ह सिग्नलची यंत्रणा एकाच चिपवर असलेल्या) चालते. तिच्यावर मोजून-पल्स देणारा रिसेट बसवणं एखाद्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला झेपण्यासारखं आहे. पाच-सहा क्यूबिटांच्या चिपसाठी तोच घ्यावा, दोन फेऱ्यांत चालवावा. चिपच्या रचनेत बदल लागत नाही, आणि रीडआउट नीट ओळखून घेण्याचं शिक्षण आपोआप होतं. फ्लक्सोनियमवर, म्हणजे फार कमी फ्रिक्वेन्सीच्या दुसऱ्या प्रकारच्या क्यूबिटवर, काम करायचं असेल तर मात्र रिसेट पहिल्या दिवसापासून लागेल. शिकागोच्या गटाने वापरलेला १४ मेगाहर्ट्झचा फ्लक्सोनियम तापमानात मांडला तर ०.७ मिलीकेल्विनसुद्धा भरत नाही; २० मिलीकेल्विनच्या फ्रिजमध्ये तो थांबून थांबून निम्मा ० आणि निम्मा १ असाच राहतो. तिथे थांबण्याचा पर्यायच नाही.

आणि रिसेट बसला असं वाटलं, की त्यानंतर लगेच रॅम्से प्रयोग (क्यूबिटची नेमकी फ्रिक्वेन्सी दाखवणारा) करून बघा, एकदा रिसेटसह आणि एकदा नुसतं लांब थांबून. दोन्हींत क्यूबिटची फ्रिक्वेन्सी एकच आली आणि दोलन सारख्याच गतीने विरलं, तर रेझोनेटर रिकामा आहे. रिसेटनंतरच्या रॅम्सेत फ्रिक्वेन्सी सरकलेली दिसली, तर क्यूबिट शून्यावर आलाय पण फोटॉन अजून आत आहेत. थांबण्याचा वेळ ५०-५० नॅनोसेकंदांनी वाढवत न्या आणि फ्रिक्वेन्सी हलायची थांबली की तिथेच ठेवा.